वागे

पावणेआठला दांडिया बाजारच्या गल्लीत
शटर अर्धं वर करून वाकून आत शिरते,
तेव्हाच कंबर सांगते, आज बुधवार आहे,
अजून तीन दिवस.

चौतीस बाटल्या, त्यातल्या सहा गळक्या.
थेपल्याचा वास, ओल्या मोज्यांचा वास,
आणि नऊ वाजायच्या आत अकरा वेळा
"बेन, एणे मने मार्युं."

मी वैजूबेन.
घरी मराठी, वर्गात गुजराती,
आणि राग आला की कुठलीच नाही,
नुसता आवाज.
आईचा नव्हता असा, शाळेतल्या बाईंचाही नव्हता,
कुठून शिकले कोण जाणे.
पेन्सिलींना टोक निघेल त्यानं.

हेनिल चावतो.
दप्तराचा पट्टा, खडू, शेजारच्याचा दंड,
आणि जूनपासून तीनदा मला.
पोरं त्याला मगर म्हणतात, तर हा खूश.
बाप काळ्या घोड्याच्या पुलावर चणा-शिंग विकतो,
विश्वामित्रीतल्या मगरी
त्याच्या घरच्याच म्हणायच्या.

रात्री साडेदहाला पालकांचा ग्रुप जागा होतो.
गालाचा फोटो, गालावर दातांची महिरप.
मी लिहिते, 'जी, ध्यान राखीश.'
फोन उपडा ठेवते.
नवरा विचारतो, आमटीत मीठ घातलंयस ना,
आणि मी म्हणते, "एकदा सांगून कळत नाही?"
मग दोघंही आमटीकडे बघत बसतो.

गुरुवारी चौथ्यांदा चावला.
मनगटावर. दुधाचे दात, पण रोवलेच.
मी हात उचलला.
तेहतीस तोंडं गप्प झाली.
जिच्यासाठी वर्षभर घसा फाडत होते
ती शांतता अशी आली,
आणि मला तिची भीती वाटली.
हात वर तसाच. काय करायचं आता त्याचं?
शेवटी त्यानं पंख्याचं बटण बंद केलं.
खरं तर पंखा हवा होता.

डब्याच्या सुट्टीत तो शेजारी येऊन बसला.
मनगटावरचे खळगे बोटानं मोजले. "छ."
मग बराच वेळ थेपला चघळून झाल्यावर,
"बेन, मगरनी मम्मी बच्चांने मोंमां लई जाय.
पाणी सुधी.
दांत छे, तोय वागे नहीं."

वागे.
त्याच्या भाषेत लागतं, दुखतं.
माझ्या भाषेत माणूस कसा वागतो ते.
बावीस वर्षं या दोन भाषांच्या मधल्या फळ्यापुढे उभी आहे,
हे दोन शब्द एका बाकावर बसलेले
कधी दिसले नव्हते.

शाळा सुटल्यावर पुलावर स्कूटर थांबवली.
खाली शेवाळी पाणी, एक बगळा,
प्लॅस्टिकची पिशवी, तिला मगर समजून
मी पाच मिनिटं बघत राहिले.
घरी गेल्यावर मीठ चाखून बघितलं.
कमीच होतं.

शुक्रवारी हेनिल पुन्हा चावला.
मला नाही, जेनीलला, कानाला.
लगेच काही कुणी शहाणं होत नाही,
तो नाही, मी तर नाहीच.
आवाज घशापर्यंत आला होता, टोक काढलेला.
गुडघे कडाडले, तरी खाली बसले,
त्याच्या तोंडासमोर तोंड.
माझ्या तोंडात अठ्ठावीस दात आहेत,
दोन चांदी भरलेले.
त्यांच्यामधून एक वाक्य पलीकडे न्यायचं होतं,
न लागता.

अर्धं पोचलं बहुतेक.
अर्ध्याला ओरखडा आला असेल थोडा.
तो माझ्या दातांकडे बघत होता, अगदी जवळून,
ओळखीचं काहीतरी दिसावं तसा.
मग म्हणाला, "बेन, पाणी."
मी उठले. त्यानं बोट धरलं.
माठ व्हरांड्याच्या टोकाला आहे,
तिथवर गेलो.